पांढरी जागा

बँकेच्या बाईंनी नकाशावर बोट ठेवलं आणि विचारलं, "इथे काय आहे?"

प्रश्न इंग्रजीत होता, पण इतका सरळ की सुलेमान होडेकरला तो समजायला पाध्ये साहेबांची गरज लागली नाही. बोट टेकलं होतं तिथं काहीच नव्हतं. भरतीची रेघ होती, तिच्या आत ओहोटीची तुटक रेघ होती, आणि दोहोंच्या मधे तळहाताएवढा कोरा भाग. त्याच्या खालच्या अंगाला, समुद्राच्या बाजूनं, लाल शाईत बंधारा होता. तो सुलेमाननंच काढलेला. रेघ कुठं जाड नाही, कुठं बारीक नाही, टोकाला शाई फुटलेली नाही. "चिखल," पाध्ये साहेब म्हणाले. "नुसता चिखल आहे, मॅडम." बाईंनी मान हलवली, पण बोट उचललं नाही. उंच, उन्हानं नाक सोललेली, पायात कॅनव्हासचे बूट घातलेली ती बाई टेबलाभोवतीच्या माणसांकडे एकेक करून बघू लागली आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या सुलेमानवर येऊन थांबली. हा नकाशा तुम्ही काढला? हो. तुम्ही तिथे गेला आहात? "येस मॅडम," सुलेमान म्हणाला. बाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. मग चहा आला, काजू आले, आणि बोलणं दुसऱ्या पानावर गेलं.

तो कधीच तिथं गेला नव्हता. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्याला असं कुणी विचारलंच नव्हतं. मोजणीवाले जातात, दुर्बिणी लावतात, वह्या भरून आणतात, आणि आरेखकानं त्या वह्यांतल्या आकड्यांवरून रेघा काढायच्या, हा कामाचा रिवाज. अलोऱ्याला कोयनेच्या कामावर तो नऊ वर्षं होता. डोंगराच्या पोटातले बोगदे त्यानं सुतासारखे काढले, पण आत पाऊल टाकलं ते एकदाच, तेही पाहुण्यांना दाखवायला नेलं होतं तेव्हा. त्यात काही खोटं आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं. आज वाटलं. संध्याकाळी ऑफिसातून निघून तो खालच्या मोहल्ल्याकडे उतरत होता, डाव्या हाताला घरांच्या फटींतून खाडी दिसत होती, आणि ती भरलेली होती, शांत, आभाळाच्या रंगाची. छप्पन्न वर्षांतली अलोऱ्याची नऊ सोडली तर तो हिच्याच काठावर राहिला. हिच्यातून त्याचे वडील गलबतावर तांडेल म्हणून गेले आणि दर खेपेला परत आले. हिच्या आवाजावर तो झोपला. आणि पाणी गेल्यावर खाली काय उरतं ते त्याला ठाऊक नव्हतं. "येस मॅडम." म्हणाला होता तो.

हे सत्त्याऐंशी सालच्या डिसेंबरात घडलं. खार बंधाऱ्याचं काम तसं सात वर्षं जुनं. उधाणाचं खारं पाणी वरच्या वाड्यांच्या भातशेतीत शिरत होतं, आणि जुना मातीचा बांध दर दोन-तीन वर्षांनी फुटत होता. एक पक्का बंधारा घालायचा, त्याला उघाड्या, एकाच बाजूनं उघडणारी दारं, ठेवायच्या, म्हणजे आतलं गोडं पाणी बाहेर जाईल आणि बाहेरचं खारं आत येणार नाही. परदेशातली मोठी बँक असल्या कामांना कर्ज द्यायला तयार होती. फक्त तिनं अलीकडे नवीनच एक गोष्ट मागे लावली होती. कर्ज मंजूर व्हायच्या आधी सगळं लिहून द्यायचं: बांधकामानं पाण्याचं काय होईल, झाडांचं काय होईल, मासळीचं काय होईल, आणि कुणाचं पोट तिथल्या जमिनीवर किंवा पाण्यावर आहे का. बारा पानांचा तक्ता होता. पाध्ये साहेब त्याला 'पर्यावरणाचं पुराण' म्हणत. साहेब वाईट माणूस नव्हता. जूनमध्ये निवृत्त होणार होता, आणि तीस वर्षं दुसऱ्यांनी आखलेले रस्ते दुरुस्त केल्यावर त्याला एक तरी स्वतःचं काम मागे ठेवून जायचं होतं. त्यानं सुलेमानला शेजारी बसवून तो तक्ता भरला होता. नवव्या पानावर 'खाडीपात्रावर अवलंबून असलेल्या व्यक्ती' असा रकाना होता. साहेबांनी नकाशाकडे बघितलं, सुलेमाननं नकाशाकडे बघितलं, आणि साहेबांनी लिहिलं: निरंक.

घरी आल्यावर मरियमनं ताट वाढलं. तांदळाची भाकरी होती आणि तिसऱ्यांचं सुकं, ओल्या खोबऱ्यातलं. सुलेमाननं पहिला शिंपला उचलला, आतलं मांस दातांनी ओढून घेतलं, आणि रिकामा शिंपला ताटाच्या कडेला ठेवता ठेवता त्याचा हात थांबला. तेहतीस वर्षं त्या ताटात तिसऱ्या येत होत्या. कधी कालवं, कधी मुळे, तेही शिंपलेच. कुठून आल्या असं त्यानं कधी विचारलं नव्हतं. कधीतरी, लग्न नवीन असताना, विचारलं असेल, तेव्हा ती म्हणाली असेल, "आणल्या." त्याला वाटलं बाजारातून. आणि तो शब्द एवढी वर्षं बाजारातच राहिला.

"मरियम, जुन्या धक्क्याच्या पलीकडं, पाणी गेलं की काय असतं गं तिथं?"

ती चुलीपाशी बसली होती. मागं वळून तिनं त्याच्याकडे पाहिलं, थट्टा करतोय की काय ते अजमावत. "काय असतं म्हंजे? तुमी आता खाताव ते असतं."

"तू जातेस?"

"जातंय की. अमाशेला, पुनवेला. दुपारची ओहोटी असली की जाताव आमी. सोनूबाई असते, कमळा असते. तुमी हापिसात असताव तवा." मग भाकरी परतत ती म्हणाली, "तुमच्या अम्मांना आवडायचं नाय. तांडेलाची सून चिखलात नाय जायची, म्हणायच्या. म्हणून बोललं नाय. मंग अम्मा गेल्या, पर बोलायचं राहूनच गेलं."

त्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण सुलेमानच्या मनात मात्र काहीतरी सरकलं. अंगणात दोरीवर आडवं टाकलेलं ते जुनं जांभळं लुगडं, ज्याच्या खालच्या काठाचा रंग कधी कळलाच नाही. तिच्या टाचांच्या भेगा, ज्यांना तो अलोऱ्याहून येताना मलम आणायचा आणि ती हसून ठेवून द्यायची. आणि कधीकधी संध्याकाळी तिच्या केसांना येणारा, खारा, थोडा लोखंडासारखा वास. तो वास त्याला आवडायचा. तो त्याला तिचाच वाटायचा, जसा प्रत्येक माणसाला आपला एक असतो तसा. आज कळलं की तो एका जागेचा होता, आणि ती जागा त्यानं कोरी सोडली होती.

चार दिवसांनी चतुर्दशी होती. सुलेमाननं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते कळेना, तेव्हा त्यानं 'घरगुती' लिहिलं. दोन वाजता घरी येऊन विजार गुडघ्यापर्यंत दुमडून तो उभा राहिला तेव्हा मरियम त्याच्या पांढऱ्या, केसाळ पोटऱ्यांकडे बघत राहिली. मग तिनं त्याच्या हातात एक बारकी टोपली दिली. "चपला इथंच ठेवा. चिखल खातो चपला," एवढंच म्हणाली.

पाणी जात होतं. जाताना ते आवाज करत नव्हतं. नुसतं कमी होत होतं, जसं माणसाचं बोलणं झोप येताना कमी होतं. तिवरांच्या मुळ्या आधी उघड्या पडल्या, मग काळी चकचकीत कड, आणि मग एकाएकी, खाडीच्या मधोमध, जमीन. सुलेमान धक्क्याच्या पायऱ्या उतरून थांबला. पहिलं पाऊल टाकलं ते घोट्यापर्यंत गेलं, गार, लोण्यासारखं, आणि बोटांच्या मधून चिखल वर आला. त्याला एकदम लाज वाटली, सहा वर्षांचा असल्यासारखी. पुढं बायका पसरल्या होत्या. काष्टे मारलेल्या, ओच्यात विळे खोचलेल्या, वाकलेल्या. हिंदूंच्या, मुसलमानांच्या, वरच्या वाडीतल्या, खालच्या मोहल्ल्यातल्या. ऑफिसात बसून दिसणारी जी वस्ती होती तिच्यात या बायका भिंतींनी, गल्ल्यांनी, देवांनी वेगळ्या होत्या. इथं त्या नुसत्या वाकलेल्या पाठी होत्या आणि एकमेकींना नावानं हाका मारत होत्या.

सोनूबाई सगळ्यांत म्हातारी. पंचाहत्तरच्या पुढची असेल, अंगात हाडं आणि आवाज एवढंच उरलेलं. तिनं सुलेमानला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हे तुजे दादले? मोठे नकशे काढतत ते?" मरियमनं मान हलवली. "मंग ह्यांना कदी दाखवलंस नाय ता?" मग तिनंच दाखवायला घेतलं. चिखल म्हणजे चिखल नव्हता. धक्क्याजवळ होती ती आंधळी रेव. तिथं पाय घालायचा नाही, कंबरेपर्यंत जातं माणूस. तिच्या पलीकडे मोठी भाटी, तिथं तिसऱ्या, पण फक्त वरच्या अर्ध्यात. खालचा अर्धा दोन वर्षं हात लावायचा नाही, तिथं पिल्लं आहेत. उजव्या अंगाला खडप, नुसते खडक, तिथं कालवं. त्याच्यापुढं एक निमुळती पट्टी, तिला गंगेचा पाट म्हणायचं. गंगा कोण ते आता कुणाला आठवत नाही, पण मुळे तिथलेच चांगले. सोनूबाईच्या आईनं तिला दाखवलं होतं, तिच्या आईला तिच्या सासूनं. सुलेमान ऐकत होता आणि त्याच्या उजव्या हाताची बोटं आपोआप हलत होती, पेन धरल्यासारखी.

मरियम पुढं गेली होती. तो तिच्याकडे बघत राहिला. घरात उठता-बसता गुडघ्यांवर हात ठेवणारी, जिना चढताना मधे थांबणारी ही बाई इथं चिखलावरून अशी चालत होती की पाय रुततायत असं वाटतच नव्हतं. एके ठिकाणी थांबून तिनं टाचेनं जमीन दाबली, पाण्याची एक बारीक चिळकांडी उडाली, आणि तिचा हात खाली जाऊन दोन तिसऱ्या घेऊन वर आला. तिला बघावंही लागलं नाही. कमळाशी बोलत होती ती, कुणाच्या तरी बाळंतपणाबद्दल, आणि हात आपला जात होता, येत होता. तेहतीस वर्षं संसार केलेल्या बायकोला असं चोरून बघताना सुलेमानला नवल वाटलं. आपल्या घरात एक जाणकार माणूस राहत होतं आणि आपण त्याला मीठ जास्त झालंय म्हणून सांगत होतो.

"संपाच्या टायमाला आमी रोज येयाचंव," कमळा सहज म्हणाली. "भांग असला, पाणी नीट उतरत नसलं तरी. मिळंल ते न्यायचंव बाजारात."

संप. सत्त्याहत्तर सालचा, सरकारी नोकरांचा, चोपन्न दिवसांचा. सुलेमान तेव्हा घरी बसून होता. सकाळी मोर्चाला जायचा, दुपारी भिंतीकडे तोंड करून पडायचा. मुलगी अजरा शाळेत होती, तिची फी होती, अम्मांचं औषध होतं. त्यानं मरियमला विचारलं होतं, कसं चाललंय? ती म्हणाली होती, "चाललंय." त्याला वाटलं कुवेतहून भावानं काही धाडलं असेल. संप मिटल्यावर त्यानं भावाला लांबलचक पत्र लिहून आभार मानले होते, आणि भावानं उत्तरात त्या गोष्टीचा उल्लेखच केला नव्हता. सुलेमानला त्याचा मोठेपणा वाटला होता. आता गुडघाभर चिखलात उभं राहून त्याला ते पत्र शब्दान् शब्द आठवलं. डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं बाहीनं पुसलं, तेव्हा बाहीचा चिखल गालाला लागला. मरियमनं दुरून पाहिलं आणि ती हसली. "नाकाला पण लावा," ती म्हणाली.

त्या आठवड्यात तो आणखी दोनदा गेला. मग ऑफिसात बसून त्यानं मूळ ट्रेसिंगवर काम सुरू केलं. आंधळी रेव ठिपक्यांनी दाखवली, भाटी बारीक आडव्या रेघांनी, खडप तुटक कोनांनी. प्रत्येक जागेचं नाव लिहिलं, आणि समासात: तिसऱ्या, कालवं, मुळे, येणाऱ्या बायका एकेचाळीस. अक्षर नेहमीसारखं काढलं, एकही वळण चुकू न देता. पाध्ये साहेबांसमोर कागद ठेवला तेव्हा साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हे काय आहे, होडेकर?"

"तिथं आहे ते आहे, साहेब."

"बंधारा झाला की ही सगळी जागा आत जाणार. खारं पाणी बंद."

"हो साहेब. मग तिथं काही राहणार नाही."

साहेबांनी लाल रेघेवरून बोट फिरवलं. बाहेर टाइपरायटर चालू होता. "मला त्या रकान्यात निरंक लिहायला कुणी सांगितलं होतं?"

"मीच. म्हणजे, माझ्याच नकाशावरून लिहिलंत."

"हे पाठवलं तर काय होईल ठाऊक आहे? ती बाई फाइल थांबवील. वर्ष जाईल, दोन वर्षं जातील. मी जूनमध्ये चाललो." त्यांनी टेबलाच्या खणातून ब्लेड काढलं आणि ट्रेसिंगशेजारी ठेवलं. चुकलेली शाई आरेखक ब्लेडनंच खरवडतात. सुलेमाननं उभ्या जन्मात हजार वेळा खरवडली असेल. "शेतकऱ्यांचाही विचार करा. बाबल्याची जमीन दर पावसाळ्यानंतर मिठागर होते. तो पण माणूसच आहे ना?"

ते खरं होतं. बाबल्याला तो ओळखत होता. बांध फुटल्यावर त्यानं ऑफिसच्या पायरीवर बसून अख्खा दिवस काढला होता. सुलेमाननं ब्लेड उचललं. ते हलकं होतं. भाटीच्या रेघा त्याच्यासमोर होत्या, आणि त्या रेघांवर एक टाच दाबली जात होती, पाण्याची चिळकांडी उडत होती. "साहेब," तो म्हणाला, "मी त्या बाईंशी खोटं बोललो. गेलो नव्हतो तिथं. आता गेलोय. आता हात चालायचा नाही." त्यानं ब्लेड परत टेबलावर ठेवलं, साहेबांच्या बाजूला, पातं आतल्या अंगाला करून.

साहेबांनी ते घेतलं. कागदावर वाकले. पण खरवडण्याआधी माणूस वाचतो, तसं ते वाचू लागले, आणि वाचता वाचता त्यांचा हात टेबलाला टेकला. "ही गंगा कोण?"

"कुणालाच ठाऊक नाही, साहेब. मुळे चांगले मिळतात तिथले."

पाध्ये साहेब खुर्चीत मागं रेलले. एखाद्या लांबच्या नातेवाइकाचं नाव ऐकल्यासारखं त्यांनी "गंगा" असं एकदा स्वतःशीच म्हटलं. मग म्हणाले, "तीन प्रती काढा. आणि तो तक्ता आणा, नववं पान मी पुन्हा लिहितो." सुलेमान निघाला तेव्हा त्याला दाराशी थांबवून म्हणाले, "माझ्या हातून बंधारा व्हायचा नाही, एवढं मात्र तुम्ही पक्कं केलंत." त्यांचा आवाज रागाचा नव्हता. पण तो रागाचा असता तर सुलेमानला बरं वाटलं असतं.

तसंच झालं. बँकेनं फाइल थांबवली. जूनमध्ये पाध्ये साहेब हार, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन निवृत्त झाले. पुढच्या उन्हाळ्यात दुसरी मोजणी झाली आणि बंधाऱ्याची रेघ वर सरकली, भाटी आणि खडप सोडून चारशे मीटर आत. तिथून बहुतेक शेतं वाचत होती. बहुतेक, सगळी नव्हेत. बाबल्याचे भाताचे खालचे दोन कुणगे रेघेच्या बाहेर राहिले. पालीच्या बाजारात तो सुलेमानला भेटला, वाट अडवून उभा राहिला. "तुमच्या तिसऱ्यांना जागा झाली. माज्या भाताला नाय झाली," तो म्हणाला. सुलेमाननं मान खाली घातली. "नाय झाली," तो म्हणाला. त्याला अजून काही म्हणावंसं वाटलं, पण जे सुचत होतं ते सगळं ऑफिसचं होतं. बाबल्या बाजूला झाला. ती भेट सुलेमाननं मरियमला सांगितली. त्या रात्री दोघंही नीट जेवली नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी ती एक टोपली घेऊन बाबल्याच्या घरी गेली. तिथं काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. पण हे न विचारणं पूर्वीच्या न विचारण्यासारखं नव्हतं.

एकोणनव्वदच्या ऑक्टोबरात, सुलेमान निवृत्त झाल्यावर चार महिन्यांनी, बँकेच्या अटीप्रमाणे खाडीवरच्या बायकांची नोंद करायचं ठरलं. एकेचाळीस जणी जुन्या ऑफिसच्या व्हरांड्यात ओळीनं बसल्या, सोनूबाई सगळ्यांत पुढं. सुलेमान मरियमची पिशवी मांडीवर घेऊन भिंतीकडच्या बाकावर बसला होता. नोंदवही घेऊन बसलेला कारकून नवा होता, कुडाळहून आलेला. या इमारतीत या बाकावर बसलेल्या माणसानं किती वर्षं काढली ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि सुलेमाननं सांगितलं नाही. आतून शाईचा, जुन्या कागदांचा वास येत होता. त्याला परक्या घराच्या दाराशी बसल्यासारखं वाटत होतं, आणि त्यात काही वाईट वाटत नव्हतं.

"नाव?"

"मरियम सुलेमान होडेकर."

"व्यवसाय?"

"खाडी."

कारकुनानं वर पाहिलं, मग तसंच लिहिलं. "किती वर्षं?"

"पस्तीस."

"नवरा काय करतो?"

मरियमनं वळून बाकाकडे पाहिलं. सुलेमान पिशवी सावरून ताठ बसला, शाळेत तपासणीला साहेब आल्यावर बसतात तसा. त्याला वाटलं ती आता ड्राफ्ट्समन म्हणेल, किंवा रिटायर झाले म्हणेल.

"ओहोटी असली की माझ्यासंगती येतात," ती म्हणाली. "अजून हात बसला नाय. पर येतात."

ओळीत कुणीतरी हसलं. कारकुनानं पेन थांबवलं, काय लिहावं याचा थोडा विचार केला, आणि मग वही तिच्यापुढं फिरवून म्हणाला, "इथे सही. नाहीतर अंगठा." मरियमनं पेन घेतलं. ती मोहल्ल्यातल्या मदरशात चार वर्षं उर्दू शिकली होती. रकान्याच्या उजव्या कडेपासून तिनं सुरुवात केली. सुलेमान बाकावरून पुढं झुकला. तिची सही त्यानं कधी पाहिली नव्हती. अक्षरं सावकाश येत होती, थोडी कापरी, एकमेकांचा हात धरलेली, आणि रकाना संपला तरी ती थांबली नाही. डावीकडची छापील रेघ ओलांडून तिनं नाव पुरं केलं, आणि मगच पेन खाली ठेवलं.